राळ्याची उशी

केस उतरले आणि महिन्याच्या सुइसुइचं डोकं सगळ्या पाहुण्यांसमोर उघडं पडलं. मागून सरळ, सपाट, ओल्या गिलाव्यावर थापी फिरवावी तसं.

न्हाव्याने वस्तरा पुसता पुसता दाद दिली. “याला म्हणतात फू घराण्याचं डोकं! टोपी घातली की चारी बाजूंनी बसणार.”

“आणि भिंतीला टेकून बसली तर मागे कागदसुद्धा जाणार नाही,” तेशान म्हणाला. तो आजोबा झाला त्याला आज बरोबर महिना झाला होता आणि सकाळपासून त्याच्या हातात तिसरा पेला होता. पाहुणे खदखदून हसले.

युनशिया नुसतीच नातीकडे बघत राहिली. हे डोकं तिच्या हातचं होतं. पोर तीन दिवसांची असल्यापासून तिने तिला राळ्याच्या उशीवर उताणी निजवली होती, हातपाय दुपट्यात आवळून, मान मधोमध ठेवून. उशी लाल कापडाची, दोन बोटं जाड, आतले राळ्याचे दाणे दर वर्षी उन्हात वाळवलेले. तिची दोन्ही मुलं याच उशीवर वाढली, नवरा तेशानही. भिंतीवरच्या, बाजूने काढलेल्या फोटोत सासऱ्यांचं डोकं पुस्तकाच्या पाठीसारखं दिसे. सुंगहुआ नदीच्या या काठावर गोल डोक्याचं माणूस भेटलं तर बायका हळहळत, बिचाऱ्याच्या आईला वेळ मिळाला नसेल.

“चेंडूसारखं डोकं घेऊन आली होती पोर,” मागून आवाज आला. “महिन्याभरात त्याची फरशी केलीत.”

विहीणबाई बोलल्या होत्या. मेइयू काल संध्याकाळी छ्वानजोऊहून तीन गाड्या बदलून आली होती. सोबत तिळाच्या तेलाच्या सहा बाटल्या, सुकवलेली लोंगानची फळं, आणि बर्फात घालायला शहरी बूट. आल्या आल्या तिने नातीच्या डोक्यामागे तळवा लावून बघितला होता आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“विहीणबाई, आमच्याकडे हेच चांगलं मानतात,” युनशिया म्हणाली.

“आमच्याकडे असल्या डोक्याची मुलगी बघायला आले तर चहा न पिता उठून जातात.”

“वानछिंगचं डोकं गोल आहे, तरी आम्ही चहा प्यायलो.”

पुन्हा हशा झाला. सून वानछिंगने मात्र मान वर केली नाही. ती बाळाला टोपडं घालत होती आणि तिचे डोळे महिनाभर झोप न मिळाल्याने लालभडक झाले होते.

“हसा,” च्याशू म्हणाली. ही युनशियाची थोरली लेक, तालुक्याच्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. “कालपासून तुम्ही दोघींनी तिला अकरा वेळा उलटीपालटी केलंय. मी मोजलंय. आई उताणी करून जाते, पाच मिनिटांनी मावशी येऊन कुशीवर वळवतात. तव्यावरची भाकरीसुद्धा दोनदाच उलटतात गं!”

“मग तूच सांग ना काय बरोबर ते,” मेइयू म्हणाली. “उताणी निजली आणि दूध वर आलं तर? गुदमरेल लेकरू.”

“नाही गुदमरत. उताणं असलं की श्वासाची नळी वर राहते, दुधाची खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतच परत जातं. पालथं किंवा कुशीवर असलं की उलट. म्हणून उताणंच निजवायचं. दर वेळी, दुपारच्या डुलकीलासुद्धा.”

“ऐकलंत?” युनशियाने सगळ्यांकडे बघितलं. “माझी लेक, सरकारी इस्पितळात नर्स. उताणंच म्हणाली.”

“पुढचंही ऐक,” च्याशू म्हणाली. “उशी नाही. दुपट्यात आवळणं नाही. जाड रजई नाही. तापल्या खांगच्या ओट्यावर तर अजिबात नाही. सपाट, घट्ट गादी, तिची तिची वेगळी.”

“ऐकलंत?” आता मेइयू म्हणाली. “उशी नाही!”

दोघींनी आपापला अर्धा भाग उचलला आणि आपापल्या कामाला गेल्या.

युनशियाला खरा घोर डोक्याच्या आकाराचा नव्हता. महिना भरला की सुनेने बाळाला घेऊन माहेरी जायचं, ही रीत तिच्या आजीच्या आधीपासूनची. पण माहेर नदीपलीकडच्या गावात असायचं, आठ दिवसांनी सून परत. हे माहेर देशाच्या दुसऱ्या टोकाला. गुरुवारची तिकिटं काढून झाली होती. तिचा मुलगा चंगहाय त्याच छ्वानजोऊला बुटांच्या कारखान्यात पाच वर्षं होता, तिथेच त्याला वानछिंग भेटली, आणि गेल्याच आठवड्यात तो बापाला म्हणाला होता, “बाबा, माझ्या जागेवर अजून कुणी घेतलेलं नाही तिथे.” सहज म्हणाला. पण युनशियाच्या हातातली परात तेव्हापासून जड झाली होती. बायको-मुलगी तिकडे, नोकरी तिकडे. मग इथे काय उरलं? आंबवलेल्या कोबीचे दोन रांजण आणि तेशान.

ती वारंवार बाहेर-आत करत होती. डुकराचं मटण-कोबी शिजत होतं, लाल रंगवलेली अंडी टोपल्यांत भरायची होती, अंगणात ताडपत्रीच्या उबदार मांडवात उसन्या आणलेल्या टेबलांवर चाळीस माणसं बसली होती. पाहुण्यांचे जाड कोट ठेवायला ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा सुइसुइ खालून तापवायच्या विटांच्या खांगच्या एका कडेला एकटी झोपलेली होती. कुशीवर. पाठीमागे टॉवेलची घट्ट वळकटी, म्हणजे मागे कलंडू नये. विहीणबाईंचं काम. राळ्याची उशी दूर कोपऱ्यात टाकलेली.

युनशियाने कोट खाली ठेवले. पोर आत्ताच झोपली असणार. उचलून उताणी केली तर रडेल, विहीणबाई येतील, पाहुण्यांसमोर तमाशा होईल. तिने थोडा विचार केला. मग उशी आणून हलकेच त्या इवल्याशा गालाखाली सरकवली आणि पाठीमागची वळकटी चार बोटं मागे ओढली. आता आधार नाही म्हटल्यावर पोर आपसूक मागे कलंडेल. उताणी होईल. कुणी उलटवली नाही, कुणाचं भांडण नाही. तिला स्वतःच्या युक्तीचं हसूही आलं.

मग कुणीतरी सॉस मागितला आणि ती बाहेर गेली.

वीसेक मिनिटांनी च्याशू आपला फोन घ्यायला आत गेली. तिने हाक मारली नाही. तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून अंगणातले चमचे थांबले.

युनशिया पोचली तेव्हा च्याशूने पोरीला हातावर पालथं घेतलं होतं आणि ती तिची पाठ जोरजोराने चोळत होती, तळपायांना टिचक्या मारत होती. सुइसुइचे ओठ राखेच्या रंगाचे होते. तोंडाभोवती निळसर कडं. एक हात लोंबत होता. “रड,” च्याशू म्हणत होती, “रड गं बाई, रड.” वानछिंग दारातच भिंत धरून उभी राहिली, तिला पुढे येता येईना.

मग पोरीने आचका दिला आणि रडली. पातळ, चिडकं, लांबलचक रडणं. च्याशू तिला घेऊन खांगवर बसली.

“तोंड उशीत होतं,” ती म्हणाली. “पुढे कलंडली होती. सगळं नाक-तोंड उशीत. चंगहाय, गाडी काढ. रडली म्हणून झालं नाही, डॉक्टरांना दाखवायचंय.”

“कुशीवर कुणी ठेवली होती?” चंगहायने विचारलं.

कुणी उत्तर द्यायची गरज नव्हती. सगळे मेइयूकडे बघत होते.

“मी ठेवली,” मेइयू म्हणाली. “पण मागे वळकटी होती. घट्ट. मी मुठीने दाबून—”

“तुम्हाला दहादा सांगितलं होतं!” चंगहाय सासूवर ओरडला. एरवी तिच्यासमोर तो सिगारेटही ओढत नसे. “कालपासून सांगतेय माझी बहीण! गोल डोकं पाहिजे म्हणे! घ्या, घ्या गोल डोकं!”

“आणि उशी? उशी तर मी कोपऱ्यात—”

“अगं आई, पुरे,” वानछिंग म्हणाली. तिने च्याशूच्या हातून बाळ घेतलं होतं. तिचा आवाज अगदी सपाट होता. “गुरुवारी तू एकटी जा. मी येत नाही.”

ती वाक्यं युनशियाने महिनाभर मनातल्या मनात ऐकली होती, वेगवेगळ्या तोंडून. आता ती खरीच उच्चारली गेली होती. ‘उशी मी ठेवली’ एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तिघंही बाळाला घेऊन निघून गेली.

पाहुणे पांगले. जाताना बायका युनशियाचा हात दाबून जात होत्या. “तू होतीस म्हणून महिनाभर नीट होतं बाई.” शेजारीण तर मेइयूला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “एका रात्रीत काय करून ठेवलं बघा बाहेरच्यांनी.” तेशानची एव्हाना चढलेली उतरली होती; तो मुकाट्याने टेबलं परत करायला गेला.

स्वयंपाकघरात दोघी विहिणी उरल्या.

मेइयू भांडी घासत होती. घासलेली वाटी पुन्हा घासत होती. युनशिया उरलेलं मटण झाकत होती, झाकण काढून बघत होती, पुन्हा झाकत होती. तीन वाजता च्याशूचा फोन आला. रक्तातला ऑक्सिजन नीट आहे, छातीचा फोटो साफ आहे, डॉक्टरांनी थोडा वेळ ठेवून घेतलंय, संध्याकाळपर्यंत आणू, उद्या पुन्हा दाखवायचं. युनशियाने ऐकलं ते सगळं मोठ्याने सांगितलं. मेइयूने ओल्या हातांनी तोंड झाकलं आणि तशीच उभी राहिली, पाणी कोपरांवरून निथळत राहिलं.

मग तिने हात पुसले, कोपऱ्यातला एक लांबट कोबी उचलला आणि टॉवेलात गुंडाळला.

“काय करताय?” युनशियाने विचारलं.

“बघतेय.” मेइयूने तो कोबी टेबलावर आडवा, कुशीवर ठेवला. दुसऱ्या टॉवेलची वळकटी करून मागे घट्ट दाबली. बोटाने कोबीला धक्का दिला. हलला नाही. पुन्हा दिला, जरा जोरात. हलला नाही. “बघा. नाही कलंडत.” तिने वळकटी काढून पुन्हा लावली, पुन्हा धक्का दिला. “चार पोरं वाढवली मी अशी. एकही कलंडलं नाही. माझ्या हातांतलं बळ गेलं का हो? मला वाटलं घट्ट लावली, आणि खरं लावलीच नसेल. साठी आली. उशीसुद्धा मी दूर टाकली असं मला आठवतंय, पण मग ती तोंडाखाली कशी?” तिने पुन्हा धक्का दिला. “विहीणबाई, माणूस असं वेडं होतं का? अंगावर घेतलेल्या लेकराला आपणच...”

धक्का. कोबी हलला नाही. धक्का.

“थांबा,” युनशिया म्हणाली.

ती टेबलापाशी आली. एक जाड फडकं घडी करून तिने कोबीच्या एका टोकाखाली सरकवलं. मग वळकटीला हात घातला आणि ती चार बोटं मागे ओढली.

कोबी किंचित डुलला. मागे आला. आणि मग त्या उंच झालेल्या टोकाच्या उतारावरून पुढे, फडक्यावर पालथा पडला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

“अशी,” युनशिया म्हणाली. “मला वाटलं मागे कलंडेल. उताणी होईल. मी ओढली वळकटी. उशीही मीच ठेवली.”

मेइयूला समजायला वेळ लागला. मग तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

“तुम्ही तिथे उभ्या होतात,” ती म्हणाली. “जावई माझ्यावर ओरडला, तुम्ही उभ्या होतात. माझी लेक म्हणाली एकटी जा, तुम्ही उभ्या होतात. त्या शेजारणीने मला बाहेरची म्हटलं, तेव्हा तुम्ही तिला अंडी बांधून देत होतात!”

“हो.”

“तीन तास! तीन तास मी स्वतःच्या नातीची वैरीण होऊन भांडी घासतेय!”

“हो, विहीणबाई.”

“हो काय हो? माणसाचं काळीज आहे की तेही सपाट करून घेतलंय?”

युनशिया खाली बसली. “ती जाऊ नये असं मला वाटत होतं,” ती म्हणाली. “आणि ती म्हणाली, जात नाही. मग माझी जीभ उचलेना.”

मेइयू बराच वेळ येरझाऱ्या घालत होती. तीन पावलं चुलीपर्यंत, तीन पावलं दारापर्यंत. “कुशीवर मी ठेवली हे खरंच आहे,” मध्येच ती स्वतःशीच म्हणाली. “ठेवलीच नसती तर कुणी काय ओढलं असतं?” आणि लगेच युनशियाकडे वळून, “म्हणून तुम्ही सुटत नाही! आल्याबरोबर सांगायचं. तुमच्या तोंडाने. मी सांगितलं तर माझं कोण ऐकणारे आज?”

“सांगते.”

“जेवणबिवण झाल्यावर नाही. दारात.”

गाडी आली तेव्हा दिवस मावळत होता. हिवाळ्यात तिथे चारलाच दिवे लावावे लागतात. वानछिंग आत आली, कोटाच्या आत बाळ. सुइसुइ जागी होती आणि दिव्याकडे टक लावून बघत होती. कोट काढायच्या आधीच युनशियाने सांगितलं. उशी, वळकटी, चार बोटं, सगळं. आपण गप्प का राहिलो, तेही.

चंगहायने आधी आईकडे बघितलं, मग सासूकडे. “आई...” तो म्हणाला. मग तो सासूसमोर गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. मेइयूने त्याच्या दंडावर एक चापट मारली, जोरातच. “जा, चहा ठेव,” ती म्हणाली.

वानछिंग खांगच्या कडेला बसली होती. “तुम्ही सांगितलं नसतं,” ती सासूला म्हणाली, “तर मी इथेच राहिले असते.”

“माहीत आहे.”

“आणि उद्यापासून तिला डोळे मिटून तुमच्या हाती दिली असती. कारण मला वाटलं असतं, आईमुळे झालं, तुमच्याकडे धोका नाही.”

हा विचार युनशियाने केला नव्हता.

“महिनाभर मी बघत होते,” वानछिंग म्हणाली. “वन्सं सांगायच्या ते मला पटत होतं. पण एकीकडे तुम्ही, कालपासून दुसरीकडे आई, कुणाला कशी नाही म्हणणार म्हणून मी गप्प राहिले. आता ऐका दोघी. झोपलेल्या बाळाला मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. निजेल ती उताणी. खाली काही नाही, वर काही नाही, अंगात गरम कपडे. डोकं गोल होऊ दे, चपटं होऊ दे, चौकोनी होऊ दे.”

“डॉक्टर म्हणाले, जागी असताना समोर बसून थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा,” च्याशू म्हणाली. “डोकंही वळेल, मानही धरेल. पण जागी असताना. आणि कुणीतरी बघत असताना.”

“आणि गुरुवारी?” युनशियाने विचारलं. विचारायचं नव्हतं तरी विचारलं.

“गुरुवारी आम्ही जाणार. आईबरोबर. किती दिवस ते मला आज ठरवता येत नाही.”

युनशियाने मान हलवली. चंगहायने जमिनीकडे बघितलं, तेवढ्यावरून तिला जे कळायचं ते कळलं.

च्याशूने खांगच्या थंड टोकाला पातळ, घट्ट गादी अंथरली होती. कोट, रजया, टॉवेल, सगळं दुसऱ्या खोलीत नेऊन टाकलं होतं. ती जागा परसासारखी मोकळी दिसत होती. दूध पिऊन सुइसुइचे डोळे मिटायला लागले. मेइयूने घेण्यासाठी हात पुढे केले. मग तिने ते स्वतःच मागे घेतले. च्याशूला रात्रपाळी होती. तिने कोट चढवला होता.

वानछिंगने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग बाळ युनशियापुढे धरलं.

“मला एक तास झोपायचंय,” ती म्हणाली. “निजवा तिला. मी बघते कशी निजवता ते.”

युनशियाने पोरीला घेतलं. तीस वर्षांपूर्वीपासून तिच्या हातांना हे काम पाठ होतं, आणि आता एकेक हालचाल तिला आठवून करावी लागत होती. पाठ खाली. डोकं खाली. दोन्ही हात मोकळे. आवळायचं नाही. तिने हळूहळू आपला तळवा मानेखालून काढून घेतला. वानछिंगने शेवटपर्यंत बघितलं, मग शेजारच्या अंथरुणावर आडवी झाली आणि कुणी काही बोलायच्या आत झोपून गेली.

सुइसुइने झोपेत मान उजवीकडे वळवली. युनशियाचे हात उठले. ती मान मधोमध आणायची, सरळ ठेवायची, हे त्यांना एवढं सवयीचं होतं की तिला ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरावे लागले. मेइयू तिच्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने पोरीचा श्वास थांबला. तीन आकडे, चार, पाच. दोघी एकदम पुढे वाकल्या. मग इवली छाती भरभर, उथळ उथळ हलू लागली आणि पुन्हा संथ झाली.

“असं करतात या वयाची,” च्याशू दारातून हळूच म्हणाली. “थोडं थांबतात, मग पुन्हा घेतात. सगळीच.” आणि ती गेली.

“मला हे ठाऊक नव्हतं,” मेइयू कुजबुजली.

“मलाही नाही,” युनशिया म्हणाली. “मी कधी बघतच बसले नव्हते.”

छाती पुन्हा थांबली. दोघींनी मिळून मोजायला सुरुवात केली.